समुद्रातून थेट खाडीत आणि नदीत माल नेणारी जहाजं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माल पाठवणारे कारखानदार, खाडीकाठचे गावकरी, बोटीवर नोकरी शोधणारी मुलं अशा वेगवेगळ्या लोकांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः रायगडमधल्या अंबा नदीची आणि गोव्यातल्या मांडवी-जुवारीची आहेत. जिथे बाहेरचा अनुभव आपल्याला काही शिकवतो, तिथे रशिया, युरोप आणि बांगलादेशही आले आहेत.

नदीतही आणि समुद्रातही चालणारं जहाज म्हणजे नेमकं काय?

खुल्या समुद्रात काही मर्यादेपर्यंत लाटा सोसेल इतकं मजबूत आणि नदीत शिरता येईल इतकं उथळ, असं मालवाहू जहाज. मोठं समुद्री जहाज पाण्याखाली १२ ते १८ मीटर बुडालेलं असतं. ते खाडीच्या तोंडाशीसुद्धा येऊ शकत नाही. नदीतला साधा बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू बोट, दोन-तीन मीटर पाण्यात चालतो, पण बाहेरच्या लाटेत त्याचा भरवसा नाही. या दोघांमधली जागा ही जहाजं भरून काढतात. ती लांब, रुंद आणि सपाट तळाची असतात आणि पूर्ण भरल्यावर साधारण साडेतीन ते पाच मीटर बुडतात. आपल्याकडे सरकारी भाषेत त्यांना ‘रिव्हर सी व्हेसल’ म्हणजे आरएसव्ही म्हणतात. बंदरावरची माणसं मात्र सरळ ‘एमबीसी’ म्हणतात, म्हणजे मिनी बल्क कॅरियर. बरेच जण तर सगळ्यांनाच ‘बार्ज’ म्हणून मोकळे होतात.

मग साधा बार्ज समुद्रात नेला तर काय बिघडतं? दिसायला तर सारखेच वाटतात.

बिघडू नये ते सगळं बिघडू शकतं. लांब जहाजाच्या पोटाखाली लाटेचा माथा आला की पुढचं आणि मागचं टोक खाली लोंबतं. माथे दोन्ही टोकांखाली आले की मधला भाग खाली वाकतो. समुद्रात हे दिवसरात्र हजारो वेळा होतं. नदीच्या बार्जचे पत्रे आणि आतल्या फासळ्या या वाकण्यासाठी बेतलेल्या नसतात, कारण नदीत अशी लाटच नसते.

दुसरी गोष्ट झाकणांची. नदीतल्या बार्जचा माल ठेवायचा हौद अनेकदा उघडा असतो. समुद्रात त्यावर पाणी न शिरणारी झाकणं, म्हणजे हॅच कव्हर, हवीत आणि हौदाच्या काठाची भिंत उंच हवी. शिवाय वेगळी इंजिनशक्ती, नांगर, रेडिओ, जीवरक्षक तराफे, पाणी उपसणारे पंप यांचे निकष येतात. त्यामुळे अशा जहाजाची किंमत साध्या बार्जपेक्षा बरीच जास्त असते आणि त्याच लांबीरुंदीत माल थोडा कमी मावतो. हा खर्च वायफळ नाही. पुढे रशियाच्या उत्तरात त्याचं कारण दिसेल.

एवढा खटाटोप कशासाठी? बंदरात माल उतरवून ट्रकने नेला तर?

माल जितक्या वेळा हाताळाल तितका तो महाग पडतो. जहाजातून धक्क्यावर, धक्क्यावरून ढिगाऱ्यात, ढिगाऱ्यातून ट्रकमध्ये, ट्रकमधून कारखान्याच्या अंगणात, अशा प्रत्येक टप्प्यावर क्रेन, माणसं, वेळ आणि सांडलवंड यांचा खर्च लागतो. कारखाना खाडीकाठी असेल तर नदी-समुद्र जहाज यातले दोन-तीन टप्पे गाळून टाकतं.

आकड्यांत बघा. ८,००० टनांचं एक एमबीसी रिकामं करायला २५ टनांचे ३२० ट्रक लागतात. पेण-वडखळच्या रस्त्यावर राहणाऱ्या कुणालाही या ३२० ट्रकांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

पण कारखाना किंवा गोदाम पाण्यापासून लांब असेल आणि शेवटी ट्रक लागणारच असेल, तर हा फायदा झपाट्याने आटतो. असा माल तरीही पाण्यानेच न्यावा असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

महाराष्ट्रात ही वाहतूक खरोखर कुठे चालते?

सर्वांत मोठं उदाहरण धरमतरचं. पेण तालुक्यात डोलवीला जेएसडब्ल्यूचा पोलाद कारखाना आहे, पूर्वीचा इस्पात. त्याचा धक्का अंबा नदीवर आहे. ही नदी धरमतरच्या खाडीतून करंजा आणि रेवसच्या मधून मुंबईच्या बंदरक्षेत्रात येते. कारखान्याला लोहखनिज, कोळसा, चुनखडी लाखो टनांनी लागते आणि ती आणणारी महाकाय जहाजं अंबेत येणं शक्यच नाही.

म्हणून मोठं जहाज रत्नागिरी जिल्ह्यात जयगडला लागतं. तिथे खोल पाणी आहे. तिथून माल एमबीसीमध्ये भरतात आणि ही जहाजं किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला येऊन, भरती बघून, अंबेत शिरून थेट कारखान्याच्या धक्क्याला लागतात. काही माल मुंबईच्या नांगरवाड्यातूनही येतो. तिथे मोठं जहाज नांगर टाकून उभं राहतं आणि क्रेनने बाजूच्या बार्जमध्ये माल उतरवतं. १ लाख ७० हजार टन खनिज घेऊन आलेलं एक केपसाइझ, म्हणजे महाकाय वर्गातलं, जहाज रिकामं करायला ८,००० टनी जहाजाच्या एकवीस-बावीस फेऱ्या होतात. याच खाडीत शहाबाजजवळ पीएनपीचं बंदरही आहे.

२०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशात १११ जलमार्ग जाहीर झाले. अंबा नदी त्यात दहाव्या क्रमांकाची आहे. शास्त्री नदी-जयगड खाडी ९१, रेवदंडा खाडी-कुंडलिका ८५, राजपुरी खाडी ८३, दाभोळ खाडी-वाशिष्ठी २८ आणि कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग ५३. यादीत नाव आलं म्हणजे जहाजं सुरू झाली असं मात्र समजू नका. यातल्या बहुतेक पाण्यात आजही मासेमारीच्या होड्या आणि प्रवासी फेरीबोटी यांपलीकडे फारसं काही चालत नाही. अंबेत माल चालतो कारण काठावर रोज माल गिळणारा कारखाना आहे.

‘भरती बघून’ म्हणजे काय? भरतीला एवढं महत्त्व का?

या धंद्याचा खरा मालक भरतीच आहे. कुठल्याही मार्गाची लायकी त्याच्या लांबीवरून ठरत नाही. ती ठरते त्यातल्या सर्वांत उथळ जागेवरून. ४० किलोमीटरपैकी ३९ किलोमीटर भरपूर पाणी असेल आणि एका ठिकाणी वाळूची दांडी आडवी असेल, तर तुमचं जहाज त्या दांडीवरच्या पाण्याइतकंच भरता येतं.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते, साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने. म्हणून ती रोज पन्नासएक मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं आणि ओहोटीला तळ उघडा पडतो. अष्टमीच्या सुमाराला भांगाचं पाणी, तेव्हा चढ-उतार खूपच कमी. दर्यावर्दी कोळी समाज हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. जहाजाचा कॅप्टन तेच भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकातून वाचतो.

एक कल्पित जहाज घेऊन हिशेब करू. १०० मीटर लांब, १८ मीटर रुंद, पूर्ण भरल्यावर समुद्रात ४.५ मीटर बुडणारं. नदीच्या पाण्यात ते ४.६ मीटर बुडेल, कारण पुढच्या प्रश्नात आहे. उथळ पाण्यात चालताना जहाज वेगामुळे आणखी खाली बसतं, त्याचे ३० सेंटिमीटर धरू. तळाखाली निदान ५० सेंटिमीटर मोकळं पाणी हवं. बेरीज झाली ५.४ मीटर. नकाशात त्या दांडीवर ओहोटीच्या वेळची खोली १.५ मीटर दाखवली आहे. म्हणजे भरतीची उंची किमान ३.९ मीटर हवी. उधाणात ती सहज मिळते. भांगाच्या दिवशी भरती ३.३ मीटरवरच थांबली, तर ६० सेंटिमीटर पाणी कमी पडलं. या आकाराचं जहाज एक सेंटिमीटर वर आणायला सुमारे साडेसोळा टन माल कमी करावा लागतो. म्हणजे त्या दिवशी जवळजवळ १,००० टन माल मागे ठेवून या, नाहीतर उधाणाची वाट बघत बाहेर उभे राहा.

म्हणून ‘जयगडहून माल किती तासांत येईल?’ या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. एक भरती चुकली तर बारा तास गेले. आठवड्याचं वेळापत्रक तिथीप्रमाणे वरखाली होतं. कारखान्याच्या अंगणात काही दिवसांचा साठा ठेवावाच लागतो आणि त्याचा खर्च सुरुवातीच्या हिशेबातच धरायला हवा. अनेक प्रकल्प अहवालांत हा साठ्याचा खर्च दिसत नाही, ही मोठी उणीव आहे.

गोड्या पाण्यात जहाज जास्त बुडतं, हे खरं आहे का?

खरं आहे. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असतं. तेवढंच वजन तोलायला जहाजाला गोड्या पाण्यात जास्त खोल उतरावं लागतं. वरच्या कल्पित जहाजासाठी हा फरक पूर्ण गोड्या पाण्यात सुमारे ११ सेंटिमीटर पडतो. खाडीच्या मचूळ पाण्यात त्याहून कमी.

याचा दुसरा परिणाम थेट बिलावर होतो. सुट्या मालाचं वजन बहुतेक वेळा ड्राफ्ट सर्व्हेने काढतात. जहाजाच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या खुणा दोन्ही बाजूंनी वाचायच्या, पाण्याची घनता मोजायची आणि जहाज किती पाणी बाजूला सारतं त्यावरून माल काढायचा. खाडीत ही घनता तासातासाला बदलते. भरती आली की खारं पाणी आत घुसतं, सुकती लागली की नदीचं पाणी बाहेर येतं, आणि वरच्या-खालच्या थरांतही फरक असतो. घनतेच्या वाचनात ०.००५ची चूक झाली, तर ७,००० टन एकूण वजनाच्या जहाजात ३५ टनांचा फरक पडतो. म्हणून पाण्याचा नमुना खुणा वाचतानाच, जहाजाच्या अंगालगत, अर्ध्या बुडालेल्या खोलीवरून घ्यावा. सकाळी घेतलेल्या नमुन्यावर दुपारचा सर्व्हे करू देऊ नका.

पावसाळ्यात काय होतं?

पश्चिम किनाऱ्यावर जून ते ऑगस्ट हा खवळलेल्या दर्याचा काळ. नैऋत्य मोसमी वाऱ्याच्या लाटा थेट किनाऱ्यावर येतात आणि नदीच्या मुखाशी, जिथे नदीचा लोंढा आणि समुद्राची लाट समोरासमोर येतात, तिथे पाणी सर्वांत वाईट असतं. २०२१च्या जूनमध्ये रेवदंड्याजवळ ‘मंगलम’ हे मालवाहू जहाज बुडू लागलं. तटरक्षक दलाने त्यावरच्या १६ जणांना वाचवलं. जुलै २०२४मध्ये अलिबागजवळ भरकटलेल्या बार्जवरच्या १४ जणांना हेलिकॉप्टरने उचलून आणावं लागलं. या हंगामात जहाज सोडण्याचा निर्णय कॅप्टनचाच असला पाहिजे. ‘कारखाना थांबेल’ असा फोन करून त्याच्यावर दबाव आणणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणं आहे.

गोव्याने याच अडचणीवर एक सुंदर वाट वापरली आहे. मांडवीच्या मुखाशी आग्वादला वाळूची दांडी आहे आणि पावसाळ्यात तिथून बार्ज बाहेर काढणं धोक्याचं होतं. तेव्हा मांडवीतले बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून आतल्या आत जुवारीत उतरतात आणि मुरगाव बंदर गाठतात. उघड्या समुद्राला तोंड द्यावंच लागत नाही. आज हा कालवा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २७ आहे, मांडवी ६८ आणि जुवारी १११.

गोव्यातले खनिजाचे बार्ज आता पूर्वीसारखे का दिसत नाहीत?

कारण नदी आटली नाही, माल आटला. खाणपट्ट्यातून ट्रकने नदीकाठच्या धक्क्यावर, तिथून बार्जने मुरगावला किंवा बाहेर उभ्या जहाजावर, अशी ही साखळी पोर्तुगीज काळापासून वाढत गेली आणि २०१०-११च्या सुमाराला तिच्यातून वर्षाला सुमारे ५ कोटी टन खनिज बाहेर जात होतं. २०१२मध्ये बेकायदा खाणकामाच्या प्रकरणात खाणी थांबल्या, २०१५मध्ये थोड्या सुरू झाल्या आणि फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचं नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. शेकडो बार्ज बांधून पडले, मालकांवर कर्ज राहिलं, खलाशी घरी बसले. एकाच मालावर आणि एकाच दिशेच्या वाहतुकीवर उभी राहिलेली जलवाहतूक किती नाजूक असते, हे गोव्याच्या नदीकाठच्या घरांनी भोगलं आहे.

ओलं खनिज जहाजात भरणं धोक्याचं का मानतात?

हा प्रश्न फारच कमी विचारला जातो, म्हणून मुद्दाम घेतला. बारीक लोहखनिज वरून कोरडं आणि घट्ट दिसतं. त्यात ओल ठराविक मर्यादेपुढे गेली आणि जहाज हलत राहिलं, की कणांमधलं पाणी दाबाखाली येतं आणि सगळा ढीग अचानक चिखलासारखा वाहू लागतो. तो एका बाजूला गेला की जहाज कलतं आणि बहुधा परत सरळ होत नाही. २००९मध्ये भारतीय लोहखनिज भरलेली दोन जहाजं अशीच बुडाली. जुलैमध्ये मंगळूरजवळ ‘एशियन फॉरेस्ट’ आणि सप्टेंबरमध्ये पारादीपजवळ ‘ब्लॅक रोझ’.

बार्जचा संबंध इथे येतो. धक्क्यावरच्या उघड्या ढिगाऱ्यात किंवा उघड्या बार्जमध्ये पावसात भिजलेला माल पुढे मोठ्या जहाजात जातो. तुम्ही माल पाठवणारे असाल तर ओलीची चाचणी बार्ज भरताना घ्या, आठवड्यापूर्वीच्या ढिगाऱ्याचा दाखला पुढे करू नका. कॅप्टनने माल घ्यायला नकार दिला तर त्याच्याशी भांडू नका.

कायद्याने अशा जहाजाला कुठला परवाना लागतो?

आपल्याकडे दोन वेगळी जगं होती. नदीतल्या बोटी राज्य सरकारच्या नोंदीखाली, १९१७च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणे. समुद्रातली जहाजं केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाखाली, १९५८च्या व्यापारी नौवहन कायद्याप्रमाणे. दोन्हीकडे चालणारं जहाज मधेच अडकायचं. समुद्री जहाजाचे सगळे नियम लावले तर ते परवडत नसे आणि नदीचे लावले तर बाहेर जाता येत नसे.

२०१३मध्ये महासंचालनालयाने आरएसव्हीचा वेगळा वर्ग केला. जहाज किती उंच लाटांत आणि किनाऱ्यापासून किती दूर जाणार, यावरून त्याचे चार प्रकार पडतात आणि बांधणी, उपकरणं, माणसं यांचे निकष त्या त्या प्रकारानुसार ठरतात. रचनेची तपासणी इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंगसारखी वर्गीकरण संस्था करते. पुढे २०२१चा नवा अंतर्देशीय जहाज कायदा आला आणि २०२५मध्ये संसदेने व्यापारी नौवहन आणि किनारी जहाजवाहतूक यांसाठीही नवे कायदे केले. महाराष्ट्रातल्या लहान बंदरांचा कारभार १९९६पासून महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाकडे आहे. धक्का बांधणं, गाळ काढणं, बंदराचे दर यांसाठी तिथेच जावं लागतं.

जहाज भाड्याने घेताना निदान एवढं करा : प्रमाणपत्रावरचा प्रकार आणि हंगामाची अट स्वतः वाचा, आणि विमा पॉलिसीत तोच मार्ग व तोच हंगाम लिहिला आहे का ते बघा. या दोन कागदांत तफावत असेल तर अपघातानंतर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

पाण्याने माल स्वस्त जातो म्हणतात. किती स्वस्त?

सरकारी कागदांत वर्षानुवर्षे दिसणारे आकडे असे : एक टन माल एक किलोमीटर न्यायला रस्त्याने सुमारे २.५० रुपये, रेल्वेने १.३६ आणि जलमार्गाने १.०६ रुपये. क्रम बरोबर आहे. पण एवढ्यावर निर्णय घेऊ नका. हे आकडे जुने आहेत आणि त्यात दोन्ही टोकांना माल चढवण्या-उतरवण्याचा, ट्रकचा, भरतीसाठी थांबण्याचा खर्च धरलेला नाही.

सर्वांत मोठा खर्च लपतो तो परतीच्या फेरीत. जहाज भरून आलं आणि रिकामं गेलं, तर भाडं दोन्ही फेऱ्यांचं तुमच्याच मालावर बसतं. तेव्हा येताना कोळसा आणि जाताना स्लॅग (भट्टीतली मळी), क्लिंकर (सिमेंटचा कच्चा माल) किंवा पोलादाच्या गुंडाळ्या अशी जोडी जमली तरच खरी बचत होते.

रशियात अशी शेकडो जहाजं आहेत म्हणतात. तिथे एवढी का?

कारण तिथल्या मोठ्या नद्या कालव्यांनी समुद्रांना जोडल्या आहेत. १९५२मध्ये व्होल्गा आणि डॉन या नद्यांना जोडणारा व्होल्गा-डॉन कालवा खुला झाला. लांबी १०१ किलोमीटर, पाणकोठे (जहाजाला पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली नेणारे दरवाज्यांचे हौद, म्हणजे लॉक) १३. व्होल्गाच्या बाजूने नऊ पाणकोठ्यांनी जहाज ८८ मीटर वर चढतं आणि डॉनच्या बाजूने चार पाणकोठ्यांनी ४४ मीटर खाली उतरतं. त्यामुळे चारही बाजूंनी जमिनीने वेढलेल्या कॅस्पियन समुद्रातलं जहाज अझोव्ह समुद्रामार्गे काळ्या समुद्रात निघतं. उत्तरेला १९६४पासून व्होल्गा-बाल्टिक मार्ग आहे. सुमारे साडेतीन मीटर बुडणारी, ५,००० टनांच्या आसपास माल नेणारी जहाजं या मापातच घडवली गेली. हिवाळ्यात पाणी गोठतं आणि कालवे बंद होतात, तेव्हा हीच जहाजं दक्षिणेच्या समुद्रात कामाला लागतात.

मुंबईशी याचा थेट धागा आहे. भारत, इराण आणि रशिया यांनी २०००मध्ये ज्या उत्तर-दक्षिण वाहतूक मार्गाचा करार केला, त्यात माल मुंबईहून इराणच्या बंदर अब्बासला, तिथून जमिनीने कॅस्पियनकाठी आणि पुढे व्होल्गाच्या मुखाशी असलेल्या अस्त्राखानला जातो. कॅस्पियनचा तो टप्पा अशाच उथळ जहाजांचा.

मग तिथे एवढे अपघात का झाले?

जहाज ज्या लाटांसाठी बांधलं त्याहून मोठ्या लाटांत नेलं म्हणून. नोव्हेंबर २००७मध्ये अझोव्ह आणि काळा समुद्र जोडणाऱ्या केर्चच्या सामुद्रधुनीत वादळात ‘व्होल्गोनेफ्त-१३९’ हा नदी-समुद्र तेलवाहू टँकर मधोमध तुटला आणि हजारभर टनांहून जास्त इंधन तेल समुद्रात गेलं. डिसेंबर २०२४मध्ये त्याच सामुद्रधुनीच्या परिसरात त्याच घराण्यातल्या ‘व्होल्गोनेफ्त-२१२’ आणि ‘व्होल्गोनेफ्त-२३९’ या पन्नाशी ओलांडलेल्या दोन जहाजांवर एकाच दिवशी तीच वेळ आली. काळ्या समुद्राचे किनारे तेलाने माखले, हजारो पक्षी मेले.

सतरा वर्षांच्या अंतराने तोच हंगाम, तोच प्रदेश, तोच आराखडा. जुनं जहाज स्वस्तात मिळतं म्हणून घेण्याचा विचार कुणी करत असेल तर त्याने आधी पत्र्यांची जाडी मोजून घ्यावी.

युरोपात नद्यांवर इतके पूल आहेत. तिथे समुद्री जहाजं आत कशी जातात?

तिथे खोलीइतकीच उंचीची अडचण असते. ऱ्हाईनमधून जर्मनीतल्या ड्युसबुर्गपर्यंत जाणारी किनारी जहाजं म्हणूनच ठेंगणी असतात. काहींचं सुकाणूघर हायड्रॉलिकवर वर-खाली होतं आणि डोलकाठ्या आडव्या करता येतात. उन्हाळ्यात ऱ्हाईनचं पाणी उतरलं की माल कमी भरावा लागतो. ऑक्टोबर २०१८मध्ये ऱ्हाईनकाठच्या काउब इथली पातळी २५ सेंटिमीटर या नीचांकावर आली होती. ते खऱ्या खोलीचं माप नाही, तिथल्या मोजपट्टीचं आहे, पण बार्जची भाडी त्यावरच ठरतात.

आपल्यासाठी आनंदाची गोष्ट अशी की युरोपातल्या किनारी वाहतुकीची जहाजं आज गोव्यात बांधली जातात. चौगुले कंपनीच्या यार्डाने फिनलंड-स्वीडनच्या एका जहाज कंपनीसाठी सुमारे ५,३५० टनांची १२ हायब्रिड जहाजं बांधायला घेतली आणि त्यातलं पहिलं ‘इलेक्ट्रामार’. खनिजाचे बार्ज बांधून आणि दुरुस्त करून गोव्याच्या नदीकाठी वेल्डर, फिटर, आराखडेकार यांच्या ज्या पिढ्या तयार झाल्या, त्यांच्या हातांना खाणी बंद पडल्यावरही काम मिळालं, याचं मोल मोठं आहे.

बांगलादेशशी अशी वाहतूक चालते का?

चालते. नदीमार्गांचा करार १९७२पासून आहे आणि कोलकाता-हल्दियाहून सुंदरबनाच्या मार्गाने जाणारा सर्वांत मोठा माल म्हणजे औष्णिक वीजकेंद्रांची राख. ती तिथल्या सिमेंट कारखान्यांना लागते. जून २०१५मध्ये किनारी वाहतुकीचा करार झाला आणि त्यात नदी-समुद्र जहाजांना परदेशी जहाजासारखं न वागवता देशी जहाजासारखं वागवायचं ठरलं. त्याआधी चितगावचा माल कोलंबो किंवा सिंगापूरला वळसा घालून यायचा. मार्च २०१६मध्ये चितगावहून आंध्र प्रदेशातल्या कृष्णपट्टणमला पहिलं जहाज थेट आलं.

या जहाजांमुळे मासेमारीचं नुकसान होतं का?

होतं, आणि ते नाकारणाऱ्या माणसाशी चर्चा पुढे जात नाही. खाडीच्या मुखाशी डोल जाळी खांबांना बांधून ठेवलेली असतात. रात्रीच्या भरतीला येणारं जहाज मार्ग सोडून थोडं जरी कडेला गेलं तर जाळी फाटतात आणि एका कुटुंबाचा हंगाम जातो. मोठ्या जहाजाच्या लाटेने काठ ढासळतो. गाळ उपसला की तळातले शिंपले, कोलंबी यांची जागा हलते आणि पाणी गढूळ राहतं. कोळशाची धूळ सुकत घातलेल्या मासळीवर बसते.

उपायही आहेत आणि ते महाग नाहीत : जहाजाच्या वाटेवर दिवे असलेले बोये, खाडीत ठरवलेला कमी वेग, गावच्या मच्छीमार सोसायटीला येण्याजाण्याच्या वेळा आदल्या दिवशी कळवणं, आणि जाळं फाटल्यास पंचनामा करून ठराविक मुदतीत भरपाई. ही भरपाई मेहेरबानी म्हणून देण्याची प्रथा बंद व्हावी, ती बंदराच्या दरपत्रकातच असावी. कोळी लोक त्या पाण्यावर आधीपासून आहेत.

तिवरांबद्दल कायदा स्पष्ट आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८मध्ये राज्यभर तिवरं तोडण्यावर बंदी घातली आणि त्यांच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितलं. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पालाही तिवरं तोडायची तर न्यायालयाची परवानगी लागते.

पूर्वी कोकणात जहाजं फार आतपर्यंत जात होती ना?

जात होती. सावित्रीतून बाणकोटहून वर मोठी गलबतं दासगावच्या बाजूपर्यंत आणि लहान होड्या महाडपर्यंत, वाशिष्ठीतून चिपळूणच्या गोवळकोटपर्यंत, शिवाय राजापूर, संगमेश्वर, रोहा, पेण, पनवेल. ही सगळी गावं खाडी जिथे संपते आणि घाटाची वाट जिथे सुरू होते तिथे वसली आहेत. समुद्रातून आलेला माल तिथे उतरायचा आणि बैलांच्या पाठीवर देशावर चढायचा. मचवे, पडाव, गलबतं ही आपली नदी-समुद्र जहाजंच होती. पुढे खाड्या गाळाने भरल्या आणि रस्ते-रेल्वेने माल ओढून नेला.

आमच्या खाडीत असं जहाज येऊ शकेल का, हे कसं तपासायचं?

आधी काठावर वर्षभर नियमित माल आहे का ते बघा. नसेल तर पुढचं काही तपासण्याची गरज नाही. असेल तर खाडीच्या मुखापासून धक्क्यापर्यंतची सर्वांत उथळ जागा शोधा आणि ती ताज्या सर्वेक्षणातून शोधा, कारण दोन पावसाळ्यांत दांडी सरकते. मग वर दिला तसा भरतीचा हिशेब भांगाच्या दिवसासाठी करा, उधाणाच्या नव्हे. दक्षिणेकडे जाल तशी भरतीची उंची कमी होत जाते, गोव्यात ती जेमतेम दोन मीटरच्या आसपास चढते. म्हणून धरमतरला जमलेली गोष्ट सिंधुदुर्गात त्याच मापाच्या जहाजाने जमेलच असं नाही. पुलांची भरतीच्या वेळची मोकळी उंची मोजा. जहाज वळवायला त्याच्या लांबीच्या दीडपट तरी रुंद पाणी हवं. दरवर्षी गाळ काढण्याचा खर्च कोण देणार हे लेखी असू द्या. पहिल्यांदा गाळ काढायला पैसे मिळतात, तिसऱ्या वर्षी मिळत नाहीत आणि खाडी पुन्हा बुजते.

या जहाजांवर नोकरीसाठी काय लागतं?

नदीतल्या बोटीसाठी सारंग, मास्टर, इंजिन ड्रायव्हर यांची अंतर्देशीय प्रमाणपत्रं असतात. पाटण्याच्या राष्ट्रीय अंतर्देशीय नौकानयन संस्थेत त्यांचं प्रशिक्षण मिळतं. आरएसव्हीवर मात्र किनारी प्रवासासाठीची, म्हणजे एनसीव्ही दर्जाची समुद्री प्रमाणपत्रं लागतात आणि ती नौवहन महासंचालनालय देतं. प्रशिक्षणाला पैसे भरण्याआधी ती संस्था महासंचालनालयाच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. नोकरी लावून देतो म्हणून आगाऊ रक्कम मागणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. खाडीकाठच्या मुलांना भरती, वारा आणि वाळूची दांडी लहानपणापासून माहीत असते. प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसताना ते ज्ञान कमी लेखू नका, तोंडी परीक्षेत ते उपयोगी पडतं.